वारा किती वाजता लागतो? येत्या आठवड्याचा अंदाज आणि त्यामागची दोनशे वर्षं

आजची पोस्ट लांबलचक आहे. घाई असेल त्यांनी पुढचा एकच परिच्छेद वाचावा आणि बागेत जावं, कामाचं तेवढ्यात आलंय.

येत्या आठवड्याचा अंदाज असा. कोकण-गोव्यात हवा मुख्यतः कोरडी. दुपारचं तापमान पहिले चार-पाच दिवस दोन ते तीन अंशांनी चढेल, नंतर फारसा फरक नाही. तुरळक ठिकाणी उष्ण आणि दमट. पावसाचा इशारा आज तरी नाही. ज्यांच्या कलमांवर फळ वाटाण्याच्या पुढे गेलंय त्यांनी पाणी आणि आच्छादन यात आणखी दिवस घालवू नयेत.

शिमगा झाला, पालख्या परत देवळात बसल्या, पाडवा तोंडावर आला. या दिवसांत अंदाज टाकला की ठरलेला प्रश्न येतो. काल बाजारात मासळी घेताना एका बागायतदार काकांनी हात धरून विचारलं, "ता तापमान ऱ्हवांदे रे, पाऊस पडतलो काय तेवढा सांग." त्यांचा दोष नाही. अवकाळीनं इतक्यांदा हातातोंडाशी आलेला घास नेलाय, की आभाळात ढगाचा तुकडा दिसला तरी पोटात गोळा येतो. पण खरं सांगू, या आठवड्यात विचारायचा प्रश्न पावसाचा नाहीच. वारा किती वाजता लागणार, हा आहे.

आपल्याकडे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. दिवस वर आला, कातळ तापला, की वारा फिरतो आणि समुद्राकडून येतो. तो खारा. होडीवाल्यांना हे शिकवायची गरज नाही, शिडाच्या जमान्यात पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्यावर घरी यायचं हेच वेळापत्रक होतं. मार्चमध्ये खारा वारा अकराच्या सुमारास लागला, तर पारा बत्तीस-तेहतीसच्या आसपास अडकतो. पण कधी कधी घाटावरून पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो आणि समुद्राच्या वाऱ्याला थोपवून धरतो. एक वाजतो, दोन वाजतात, झाडाचं पान हलत नाही. त्या दोन-तीन तासांत पारा अडतीस-एकोणचाळीसवर जातो. म्हणजे दिवसाचं कमाल तापमान म्हणून आपण जो आकडा वाचतो, तो बऱ्याच अंशी वारा फिरायच्या वेळेचा आकडा असतो.

म्हणूनच किनाऱ्यासाठी अंदाज देणं अवघड. आठवत असेल, फेब्रुवारी २०२३ मध्ये हवामान खात्यानं कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता आणि लगेच मागेही घेतला होता. तेव्हा व्हॉट्सअॅपवर खात्याची यथेच्छ टिंगल झाली. मीही एक विनोद पुढे ढकलला होता, कबूल करतो. पण मागे का घेतला? समुद्राचा वारा पारा खाली आणेल असं दिसू लागलं म्हणून. कागदावर ती चूक दिसते, पण प्रत्यक्षात अवघड गणित नवीन माहितीनं दुरुस्त केलं, एवढंच झालं होतं.

आता हा आकडा मोजायला आपल्या किनाऱ्यावर कुणी, कधी आणि कुणासाठी सुरुवात केली, ते सांगतो. त्यात आपल्या तालुक्याचं एक नाव आहे.

मुंबईला कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये उभी केली. हेतू होता तारे बघणं आणि वेळ मोजणं. जहाजांची घड्याळं बरोबर असली तरच भर समुद्रात आपण कुठं आहोत ते कळतं, आणि कंपनीचा सगळा जीव जहाजात. हवा आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांच्या पद्धतशीर नोंदी तिथं १८४१ पासून सुरू झाल्या. एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लिबार तिथं काम बघत, आणि त्यांच्या हाताखाली एक पोरगेलासा मराठी मुलगा लागला. वय पंधराच्या आसपास. गाव अलिबागजवळचं नागाव. नाव केरो लक्ष्मण छत्रे.

पुढे ते केरूनाना छत्रे म्हणून पुण्यात गाजले, टिळकांना गणित शिकवलं, ते बहुतेकांना माहीत असतं. पण त्याआधीची सुमारे दहा वर्षं हा माणूस कुलाब्याला उपकरणांपुढे बसून ठरल्या वेळेला आकडे टिपत होता. पुढे हेच केरूनाना पंचांग सुधारायला बसले, आकाशात ग्रह दिसतो एकीकडे आणि पंचांग दाखवतं दुसरीकडे हे त्यांना खपेना. पटवर्धनी पंचांगाच्या मागे त्यांचीच गणितं आहेत. आपल्याकडे पंचांगवाले आणि वेधशाळावाले अशी दोन टोकं धरून भांडणं चालतात, त्यांनी हे जरा लक्षात ठेवावं. कुलाब्याला पारा वाचणारा आणि पंचांग दुरुस्त करणारा माणूस एकच होता.

दुसरं नाव आपल्या घरचं. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं, म्हणून त्या दिवशी आम्ही पत्रकार दिन करतो. हार, नारळ, दोन भाषणं, लेखणी आणि तलवार यांची तुलना, मग भजी. गेली वीस वर्षं मी त्या कार्यक्रमांना जातोय. बाळशास्त्री गणित आणि खगोलाचे प्राध्यापक होते हे एखादा वक्ता सांगतो, पण त्यांनी कुलाबा वेधशाळेचंही काम पाहिलं हे मी तरी कुठल्या भाषणात ऐकलं नाही. 'दर्पण' १८४० मध्ये बंद पडलं होतं आणि बाळशास्त्री १८४६ मध्ये, ऐन उमेदीत गेले. मराठीतला पहिला संपादक, देवगड तालुक्यातला, आणि त्याच्या ताब्यात काही काळ मुंबईचा थर्मामीटर! गंमत म्हणजे त्याच दशकात तिथं देखरेखीला आलेले जॉर्ज बुइस्ट हेही संपादकच, 'बॉम्बे टाइम्स'चे. तेव्हा पत्रकारानं हवामानात नाक खुपसू नये असं कुणी मला म्हणालं, तर माझ्याकडे दोन दाखले आहेत.

नंतरची गोष्ट थोडक्यात. चुंबकत्वाच्या नोंदींना मुंबईत विजेच्या ट्रामचा त्रास होणार हे दिसलं, तेव्हा १९०४ मध्ये ती उपकरणं अलिबागला हलवली. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस, त्या जागेवरचे पहिले भारतीय. अलिबागची ती वेधशाळा आजही चालू आहे. किनाऱ्यावर बाकी डहाणू, हर्णै, रत्नागिरी, वेंगुर्ला अशी केंद्रं. नकाशावर ही ठिकाणं बघा, एक गोष्ट चटकन दिसेल. सगळी बंदरं आहेत. जहाज लागायचं तिथं वेधशाळा.

आणि त्यातही मुख्य ओढ वादळाची. १८६४ मध्ये कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ झालं, त्यानंतर तिथल्या बंदरासाठी इशाऱ्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती इतर बंदरांवर आली. आज आमच्या पेपरात 'बंदरावर तीन नंबरचा बावटा' अशी बातमी लागते, ती त्याच घराण्यातली. या बावट्यांना हसू नका. ११ नोव्हेंबर १९२७ या एका दिवसात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी आपल्या किनाऱ्यावर गेल्या. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' मुंबईच्या तोंडाशीच बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिना उरला होता. कोकणातल्या जुन्या घरांतून अजून त्या बोटीच्या आठवणी निघतात.

देशाचं हवामान खातं १८७५ मध्ये स्थापन झालं. कारणं दोन, वादळं आणि दुष्काळ. १८६६ आणि १८७१ मध्ये पावसानं दगा दिला होता. पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा आणि मॉन्सूनचा संबंध जोडून पावसाचे अंदाज करायला सुरुवात केली, पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज निघाला १८८६ मध्ये. म्हणजे सगळं लक्ष जून ते सप्टेंबर. पाऊस पडला तर शेतसारा, नाही पडला तर दुष्काळी कामं. सरकारला त्याची काळजी असणं साहजिक होतं. होळी ते अक्षय्य तृतीया या दिवसांत कोकणात काय होतं, याची काळजी कुणाला असणार? जहाजांना हे दिवस निवांत, सरकारी तिजोरीला निरुपयोगी. आंबा पिकला काय आणि गळला काय, कुणी त्यावर तार पाठवली नाही. वसंत हा सरकारी हवामानशास्त्राचा कधीच लाडका ऋतू नव्हता, असं माझं मत आहे. तज्ज्ञांनी खोडून काढावं.

शेतकऱ्याची आठवण झाली ती पुण्याला. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं (१९४४ मध्ये दिल्लीला गेलं), आणि १९३२ मध्ये पुण्यात शेती-हवामानाची शाखा सुरू झाली. तिचे प्रमुख एल. ए. रामदास. बोटीचा आणि त्यांचा काही संबंध नाही, नावाचा योगायोग. या माणसानं एक साधी वाटणारी गोष्ट केली. थर्मामीटर घेऊन तो जमिनीजवळ वाकला. सरकारी थर्मामीटर चार-साडेचार फुटांवर टांगलेला असतो, पण पीक तर जमिनीलगत असतं, मग तिथं काय तापमान आहे? मोजल्यावर त्यांना दिसलं की निरभ्र, शांत रात्री सगळ्यात गार हवा अगदी जमिनीला चिकटून नसते, जमिनीपासून थोडी वर असते. पुस्तकात तर उलटं लिहिलेलं. बाहेरच्या शास्त्रज्ञांना ते बरीच वर्षं पटलं नव्हतं. आज त्या थराला रामदासांचंच नाव आहे.

आंबेवाल्यांनी हे इथं नीट वाचावं. आपल्या कातळावरच्या बागेत माणसाच्या छातीच्या उंचीवर जे तापमान असतं, ते खालच्या फांदीवर लोंबणाऱ्या फळापाशी नसतं. कातळ दुपारभर भट्टीसारखा धग फेकतो. हापूसमध्ये साका पडतो त्याला ही जमिनीतून येणारी धग हे एक कारण मानतात, म्हणून तर कलमाखाली गवताचं आच्छादन घाला असं दापोलीचं विद्यापीठ कानीकपाळी ओरडत असतं. अंदाजातला छत्तीसचा आकडा पेटीतल्या शिड्याच्या हवेचा असतो, आपल्या फळाच्या अंगाचा नसतो.

रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामानाचं वार्तापत्र १९४५ पासून आहे. माझ्या लहानपणी घरी संध्याकाळी ते लागायचं. 'कोकणात हवामान कोरडे राहील.' वडील ऐकायचे आणि म्हणायचे, "मार्चमध्ये ओलं कधी असतं?" नंतर १९७२ मध्ये दापोलीला कृषी विद्यापीठ झालं, आणि आता दापोली आणि मुळदे इथून मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीचा हवामान सल्ला निघतो. तो खरंच उपयोगाचा असतो, तुडतुड्यापासून पाण्यापर्यंत सगळं त्यात असतं. दर गुरुवारी खातं पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं. ही सगळी सोय फुकट आहे. आणि आपण मात्र 'तज्ज्ञांच्या मते भयंकर...' असं लाल अक्षरांत लिहिलेलं, तारीख नसलेलं चित्र एकमेकांना पाठवतो.

ते चित्र पाठवणाऱ्यांत मीही होतो. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये असंच एक चित्र मी न तपासता इथं टाकलं. दोन दिवसांत वादळी पाऊस, ढगांचा गडगडाट वगैरे. ओळखीचे एक बागायतदार, मला धाकट्या भावासारखं मानणारे, त्यांनी ते वाचून मजूर लावले आणि तयार व्हायला दहा-बारा दिवस अवकाश असलेला आंबा उतरवला. पाऊस आला नाही. आंबा पेटीत पिकला नाही, सुरकुतला. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांच्या बायको, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, एवढंच म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही पेपरात असता म्हणून यांनी खरं धरलं." तेव्हापासून मी दर रविवारी खात्याचं पत्रक स्वतः उघडून, तारीख बघून, मगच इथं लिहितो. पत्रकात नसलेला शब्द घालत नाही.

आता आजच्या मुद्द्याकडे येतो. किनाऱ्यावर उष्णतेची लाट कधी म्हणतात? कमाल तापमान किमान ३७ अंश हवं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक जास्त हवं. सपाटीवरच्या भागांना हीच मर्यादा चाळीसची आहे. किनाऱ्याला ती कमी ठेवली आहे, कारण आपल्या घामाला वाळायला जागा नसते. मार्चमधली ही उष्णता नवी आहे असं समजू नका. मुंबईचा मार्चमधला विक्रम ४१.७ अंश, तारीख २८ मार्च १९५६. तेव्हा मोबाइल नव्हते म्हणून कुणी फोटो काढला नाही, इतकंच.

पण आकडा ऐकला की आधी विचारायचं, थर्मामीटर कुठं होता? २०१७ च्या मार्चमध्ये रायगडातल्या भिऱ्याचं तापमान ४६.५ अंश नोंदलं गेलं आणि देशभर बातमी झाली, कोकण वाळवंटापेक्षा तापलं वगैरे. आमच्याही पेपरात पहिल्या पानावर होतं. मग शंका निघाल्या की हे मोजलं कसं, उपकरण ठेवलंय कसं. भिरा डोंगरांच्या खोबणीत आहे, तिथं तापतं हे खरंच. पण खोबणीतली गरमी आणि पेटीच्या जागेतली चूक यांच्यातला फरक बातमीला कळत नाही.

ती पेटी म्हणजे काय, तेही सांगतो. पांढरी, लाकडी, चारी बाजूंना झडपा, चार पायांवर उभी. हवा आत खेळावी पण ऊन थेट पडू नये म्हणून. दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी पाऱ्यावर सूर्य येत नाही. खाली गवत हवं, सिमेंट नको. आजूबाजूला भिंत नको, झाड नको. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटलंडच्या इंजिनिअरची. त्याचा मूळ धंदा दीपगृहं बांधायचा, म्हणजे हासुद्धा किनाऱ्याचाच माणूस. खात्याची माणसं सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला आकडे टिपतात. पाऊस साडेआठ ते साडेआठ मोजतात, म्हणून काल दुपारी पडलेला पाऊस आजच्या तारखेला दिसतो. दरवर्षी कुणीतरी त्यावरून भांडतं, म्हणून इथं लिहून ठेवतो.

आता पेटीबरोबर स्वयंचलित केंद्रंही आली आहेत. खांबावर यंत्र, सौर पट्टी, आकडे आपोआप वर जातात. महसूल मंडळागणिक ही केंद्रं आहेत. आणि फळपीक विमा या केंद्रांवर चालतो! हे अजूनही अनेकांना नीट माहीत नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तुमच्या बागेत येऊन कुणी गळलेली फळं मोजत नाही. तुमच्या मंडळाच्या संदर्भ केंद्रात ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापमान, ठरलेले दिवस गेलं का, अवकाळी पाऊस ठरलेला मिलिमीटर पडला का, वारा किती होता, एवढंच बघितलं जातं. गेला असेल तर पैसे, नसेल तर नाही. तुमच्या बागेत फळांचा सडा पडलेला असो.

म्हणजे बघा. शंभर-दीडशे वर्षं थर्मामीटर बंदरावर होता, जहाजासाठी. पहिल्यांदाच तो आंबेवाल्याच्या मंडळात आला आणि पहिल्यांदाच त्या आकड्याला आंब्याच्या पैशाची किंमत आली. आणि आपण काय केलं? त्याच्याकडे बघायलाही गेलो नाही.

मी गेलो. गेल्या मार्चमध्ये तालुक्यातल्या एका मंडळाचं केंद्र शोधत गेलो. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका जागेचा नाही. विचारत विचारत अर्धा तास गेला, शेजारच्या दुकानदारालाही तो खांब कशाचा ते माहीत नव्हतं. "मोबाइलचो असात," म्हणाला. कुंपण होतं, कुलूप होतं. आणि कुंपणाबाहेरच्या काजूची एक दणकट फांदी थेट यंत्रावर झुकलेली. मी दुपारी दोनला उभा होतो. माझ्या डोक्यावर ऊन, यंत्रावर सावली. पावसाचं मापनपात्र पानांच्या बरोबर खाली, त्यात सुकलेला पाला. आजूबाजूच्या बागा उघड्या कातळावर भाजतायत आणि त्यांच्या वतीनं साक्ष देणारा साक्षीदार सावलीत बसलेला.

फोटो काढले, तारीख-वेळेसकट. संबंधित कार्यालयात गेलो. तिथले गृहस्थ भले होते, चहा पाजला, म्हणाले, "साहेब, वरून आलंय, आम्ही फक्त कुंपण सांभाळतो." दुसऱ्या कार्यालयात गेलो, त्यांनी पहिल्याचं नाव सांगितलं. लेखी अर्ज दिला, पोच घेतली. बातमीही केली, आतल्या पानावर आली, तीन इंचांची. पावसाळ्यात परत गेलो तेव्हा फांदी तोडलेली होती. कुणी तोडली ते कळलं नाही. अर्जाला उत्तर आजपर्यंत नाही.

मी कुणावर लबाडीचा आरोप करत नाहीये. झाड वाढतं, ते विमा बघून वाढत नाही. पण जे यंत्र कधी कुणी बघायलाच येत नाही, त्याच्या आकड्यावर वर्षाचं उत्पन्न टांगून ठेवायचं, हे मला पटत नाही. कुलाब्याला केरूनाना आणि त्यांचे सहकारी ठरल्या वेळेला उपकरणासमोर हजर असत. काही बिघडलं तर त्याच दिवशी माणसाच्या लक्षात येई. आता माणूस काढून घेतला, आकडे मात्र दहा पटींनी जास्त येतात.

तर या आठवड्यात काय करायचं. पहिलं, आपल्या मंडळाचं केंद्र कुठं आहे ते शोधा आणि एकदा दुपारी बघून या. सावली पडते का, खाली सिमेंट आहे का, भिंत लागून आहे का, वेल चढलाय का. कुंपणाच्या आत जायचं नाही, यंत्राला हात लावायचा नाही, फांद्याही स्वतः तोडायच्या नाहीत. फोटो काढा, तारीख आणि वेळ दिसेल असे, आणि कृषी कार्यालयात लेखी द्या. पोच घ्या. चार जणांनी मिळून दिलं तर बरं.

दुसरं, बाग. फळ वाटाण्यापासून अंड्याएवढं होईपर्यंत कलमाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी, पंधरा दिवसांच्या अंतरानं, अशी विद्यापीठाची शिफारस आहे. सगळ्यांकडे एवढं पाणी नाही, हे मला कळतं. टँकर काय भावानं येतो तेही कळतं. पण आच्छादनाला पाणी लागत नाही, सुकलं गवत आणि पाला पुरतो. अंड्याएवढ्या फळांना कागदी पिशव्या घालता आल्या तर उन्हाचे चट्टे कमी पडतात. त्या पिशव्या वर्तमानपत्राच्या करतात. आमच्या धंद्याचा सगळ्यात खात्रीचा उपयोग मला तरी हाच वाटतो. आणि ज्यांचा आंबा तयार आहे त्यांनी काढणी सकाळी लवकर उरकावी, काढलेला माल उन्हात ठेवू नये. कोवळा आंबा कुठल्याही चित्राला घाबरून उतरवू नये, माझ्या तर नाहीच नाही.

मजूर मंडळींचंही बघा. वारा उशिरा लागणार असेल त्या दिवशी बारा ते तीन माणसांना झाडावर चढवू नका. घामानं हात निसटतो.

तिसरं काम बिनपैशाचं. घराच्या ओटीवर कॅलेंडर असतंच. रोज खारा वारा किती वाजता लागला, ती वेळ त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहा. बस. कुठलं यंत्र नको. माड असेल तर झावळ सांगते, नसेल तर दोरीवरचं धोतर सांगतं. मी गेल्या वर्षीपासून लिहितोय. किनाऱ्यावर देवगड, आत शिरगाव, पार घाटाच्या पायथ्याला फोंडा, अशा दहा-पंधरा घरांतून दोन महिन्यांच्या वेळा जमल्या तरी कुठल्या गावात वारा कधी पोचतो ते आपल्यालाच दिसेल, आणि पुढच्या वेळी केंद्राचा आकडा आणि आपली वेळ जुळत नसेल तर कार्यालयात तोंडी बोलण्यापेक्षा कागद पुढे करता येईल. पाडव्यानंतर ज्यांच्याकडे वेळा असतील त्यांनी कळवा, मी एकत्र मांडून इथं टाकतो.

मंगळवारी मुळद्याचा सल्ला आला की त्यातलं आंबा-काजूचं तेवढं लिहीन. गुरुवारचा विस्तारित अंदाज बघून शुक्रवारी पुन्हा. मध्येच काही बदललं, पावसाचं नाव निघालं, तर त्याच दिवशी सांगतो, पण पत्रकाच्या तारखेसकट.

माझ्या कॅलेंडरवर आजची नोंद: पहाटे मतलई, नऊपासून शांत. वारा लागला बारा वाजून वीस मिनिटांनी. कालच्यापेक्षा पस्तीस मिनिटं उशिरा.